स्कॉलरशिप मिळाली खरी, पण पुढच्या वर्षी टिकणार का?

आजचा विषय सांगितल्यावर माझा रेकॉर्डिंगवाला मित्र म्हणाला, "अरे, फॉर्म भरायचा असतो, त्यावर काय अर्धा तास बोलणार?" त्याला मी म्हटलं, तू फॉर्म कधी भरला नाहीस ना, म्हणून. तर आज बोलायचंय सरकारी शिष्यवृत्तीबद्दल. ती मिळवायची कशी, यावर यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत. मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी हातातून जाऊ कशी द्यायची नाही, यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि माझी गेली होती. त्यामुळे तिथूनच सुरू करतो.

मी इंजिनीअरिंगला कॅप राउंडमधून आलो. पहिल्या वर्षी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे आपण सगळे जिला ईबीसी म्हणतो ती. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. फॉर्म गावातल्या सायबर कॅफेत भरला होता. सगळं व्यवस्थित झालं आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आपल्याला ईबीसी "लागली". नोकरी लागते तशी. आता चार वर्षं टेन्शन नाही.

दुसऱ्या वर्षी फॉर्म भरला, तोही घाईत. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचाच लावला. कॉलेजच्या क्लार्कने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. तसा मेसेजही आला, पण तो गेला सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईलवर, कारण पहिल्या वर्षी त्याने प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर टाकला होता. मी लॉगिन करून बघितलंच नाही. फेब्रुवारीत सेमिस्टरच्या फीचा विषय निघाला तेव्हा स्कॉलरशिप सेक्शनमधल्या मॅडम म्हणाल्या, "तुझा अर्ज आमच्याकडे नाहीचे. तुझ्याच लॉगिनला पडलाय, आणि तारीख संपलीये." त्या वर्षीचे ४२ हजार रुपये वडिलांनी पतसंस्थेतून उचलले. घरावर स्लॅब टाकायचा होता, तो दोन वर्षं पुढे गेला. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता यात गंमत बघा. मी पात्र होतो. उत्पन्न बसत होतं, ॲडमिशन कॅपचं होतं, मी पास होतो. शिष्यवृत्ती गेली ती नापास झालो म्हणून नाही, तर एका कागदावरच्या वर्षामुळे आणि एका मोबाईल नंबरमुळे. नंतर मी कॉलेजात पोरांचे फॉर्म भरून द्यायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांचं असंच होतं. पात्रता जात नाही, साखळीतली एखादी कडी सुटते. म्हणून ती साखळी आधी समजून घेऊ.

महाडीबीटीवर तुम्ही अर्ज सबमिट केला की तो थेट सरकारकडे जात नाही. आधी जातो तुमच्या कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला. तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला. मग संबंधित विभागाच्या डेस्कवर. आमच्यासारख्या टेक्निकलवाल्यांच्या ईबीसीला तंत्रशिक्षण विभाग, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला समाजकल्याण, वगैरे. तिथे मंजुरी मिळाली की मग पैशाचा प्रवास सुरू. यातल्या कुठल्याही टेबलावरून अर्ज मागे येऊ शकतो, आणि मागे आला की तो तुमच्याच लॉगिनमध्ये येऊन बसतो. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर हे तिकीट आहे, आणि परत आलेलं तिकीट तुमच्या नावावर असाइन झालेलं असतं. तुम्हाला वाटतं कॉलेज बघतंय, कॉलेजला वाटतं पोरगं बघेल.

म्हणून सबमिट केल्यावर पोचपावतीची पीडीएफ सेव्ह करून ठेवा आणि दर रविवारी दोन मिनिटं लॉगिन करून स्टेटस बघा. खरंच, रीलच्या मध्ये होतं ते. क्लार्कच्या टेबलावर तीन-चार आठवडे अर्ज तसाच पडून असेल तर स्कॉलरशिप सेक्शनला जा, ॲप्लिकेशन आयडी घेऊन जा. "मॅडम, माझं काय झालं?" असं विचारलं तर उत्तर मिळतं "प्रोसेसमध्ये आहे". आयडी हातात असला की त्यांना स्क्रीनवर बघावंच लागतं. ही माणसं वाईट नसतात हो. एकेका क्लार्ककडे शेकड्यांनी अर्ज असतात. पण त्यातला एक आपला आहे, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.

आणि मोबाईल नंबर. आज घरी गेल्यावर पहिलं काम हे. आधारला कुठला नंबर जोडलाय आणि पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये कुठला आहे, दोन्ही बघा. युजरनेम, पासवर्ड तुमच्याकडे पाहिजेत, कॅफेवाल्याच्या वहीत नव्हे.

आता रिन्यूअल म्हणजे नक्की काय, ते सांगतो. पोर्टलला मागच्या वर्षीचे तुम्ही आठवत असता, पण या वर्षी तुम्ही काय करताय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणजे दुसऱ्या वर्षाला गेलात तर प्रोफाइलमध्ये पहिल्या वर्षाचा निकाल, टक्के, मार्कशीट भरायची आणि चालू वर्ष दुसरं आहे असं नोंदवायचं. हे न करता पोरं थेट योजनांच्या यादीत जातात, तिथे आपली योजना दिसत नाही, आणि मग "साइट बंद आहे" म्हणून सोडून देतात. साइट बंद असते, नाही असं नाही, मी काही सरकारी सर्व्हरची वकिली करत नाहीये. पण दर वेळी साइटच बंद नसते.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त दगा देतो उत्पन्नाचा दाखला. त्यावर तो कुठल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत चालेल, हे छापलेलं असतं. ते वाचा. ॲडमिशनच्या धावपळीत सेतूमध्ये रांगा लागतात, तलाठी भेटत नाही, दाखला उशिरा येतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून एक सवय लावा. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपल्या संपल्या, दाखला काढून मोकळं व्हायचं. तेव्हा गर्दी कमी असते. दाखल्यावर बारकोड नंबर असतो, तो नीट जपून ठेवा, फॉर्ममध्ये लागतो. ओबीसीवाल्यांचं नॉन-क्रीमीलेअर सर्टिफिकेटही असंच मुदतीचं असतं, तेही त्याच फेरीत तपासून घ्या.

पुढचा मुद्दा अभ्यासाचा. मला मेसेज येतात की दादा, एक विषय राहिलाय, स्कॉलरशिप गेली का? तर घाबरू नका. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसू द्यायची मुभा, त्या नावातच ते आहे. बऱ्याचशा राज्य योजनांमध्ये बघतात ते हे, की तुम्ही वरच्या वर्षात गेलात की नाही. विषय राहूनही वर गेला असाल तर फॉर्म भरा, निकालाच्या जागी जे खरं आहे तेच लिहा. लपवायला जाऊ नका, मार्कशीट सोबत लागतेच. पण इयर डाउन झालात, वायडी लागला, तर त्या वर्षी मदत थांबते असं धरून चाला आणि स्कॉलरशिप सेक्शनला लगेच जाऊन विचारा की पुन्हा वर गेल्यावर आपल्या योजनेत काय होतं. प्रत्येक योजनेचा नियम वेगळा असतो. मित्राच्या योजनेवरून स्वतःचा अंदाज बांधायचा नाही.

काही योजनांमध्ये मात्र नुसतं पास होऊन भागत नाही. केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठातल्या मुलांसाठीची एक शिष्यवृत्ती आहे, बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांना मिळते, उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. पदवीला वर्षाला १२ हजार, बीटेकवाल्यांना चौथ्या वर्षी २० हजार. ही नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे, महाडीबीटीवर नाही. तिच्या रिन्यूअलला दरवर्षी किमान ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. शिवाय ही घेत असताना दुसरी कुठली शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही. इथे पोरं फसतात. हीही भरतात, तीही भरतात, जी येईल ती येईल म्हणून. अर्ज करण्याआधी दोन्हींचा हिशोब करा. निम्मी फी माफ होत असेल तर १२ हजारांच्या मागे लागून ती घालवू नका.

हजेरीचं तर सगळीकडेच बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम केंद्राने २०२१ मध्ये नव्याने काढले, त्यातही ७५ टक्के हजेरी आहे. आजारी पडलात, घरी कुणाचं काही झालं, तर डॉक्टरांचे कागद तेव्हाच कॉलेजला द्या, पोच घेऊन द्या. मार्चमध्ये डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर पळापळ करून मिळालेल्या मेडिकल सर्टिफिकेटवर कुणाचाच विश्वास नसतो, आणि बरोबरच आहे त्यांचं.

या मॅट्रिकोत्तर योजनेचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. म्हणजे एक दिवस फोनवर मोठ्ठा आकडा दिसतो. तो सगळा तुमचा नसतो. त्यातला फीचा भाग कॉलेजला भरायचा असतो, निर्वाह भत्ता तेवढा तुमचा. आमच्या हॉस्टेलवर एकाने त्यातून फोन घेतला होता. नंतर कॉलेजने थकीत फी दाखवली, हॉल तिकिटाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढली. आज तो माझ्यापेक्षा जास्त कमावतो, त्यामुळे त्याच्यावर हसायला हरकत नाही. पण ते आठ दिवस तो जेवला नव्हता नीट.

आता माझ्या आवडीचा भाग, कारण यात सॉफ्टवेअर आहे. "मंजूर झालं, पैसे सोडले म्हणतात, माझ्या खात्यात काही नाही." हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

आपल्याला वाटतं की आपण फॉर्ममध्ये खाते नंबर लिहिला, म्हणजे पैसे त्या खात्यात येणार. आधारवर आधारित पेमेंटमध्ये तसं होत नाही. सरकार पैसे पाठवतं तुमच्या आधार नंबरला. मधे एनपीसीआय नावाची संस्था आहे, तीच जी यूपीआय चालवते. तिच्याकडे एक भलंमोठं टेबल आहे, त्याला मॅपर म्हणतात. त्या टेबलात तुमच्या आधार नंबरासमोर एकाच बँकेचं नाव असतं. एकाच. पैसे आले की टेबल बघतात, त्या बँकेकडे पाठवतात, आणि ती बँक तुमचं आधार जोडलेलं खातं शोधून त्यात टाकते. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना सांगतो, हा साधा की-व्हॅल्यू लुकअप आहे, आणि नवी नोंद जुनीवर ओव्हरराइट होते.

म्हणजे काय होतं? समजा तुमचं खातं गावातल्या सरकारी बँकेत आहे आणि सीडिंग तिथे आहे. तुम्ही शहरात आलात, इंटर्नशिपसाठी ॲपवरून नवं खातं उघडलं, व्हिडिओ केवायसी झालं, आणि मधे कुठेतरी एक चौकोन होता की सरकारी अनुदान या खात्यात घ्यायला माझी संमती आहे. तुम्ही वाचलं नाही, टिक केलं. मॅपरमधलं बँकेचं नाव बदललं. आमच्या टीममधल्या एकाच्या धाकट्या भावाचं हेच झालं. पाच महिने तो गावच्या पासबुकात एंट्री मारून आणत होता. पैसे पडले होते ॲपवाल्या खात्यात, आणि ॲप त्याने फोनमध्ये जागा नाही म्हणून काढून टाकलं होतं. त्यामुळे पैसे आले नाहीत असं वाटलं की आधी आपलीच सगळी खाती बघून घ्या.

अजून एक घोळ. बँकवाले सांगतात, "तुमचं आधार लिंक आहे." ते खरंही असतं. पण केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि या मॅपरमध्ये सीडिंग होणं वेगळं. पहिलं झालं म्हणून दुसरं झालेलं असेलच असं नाही. त्यामुळे बँकेत विचारताना "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग आहे का?" असं विचारायचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्वतः बघायचं. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा, तिथे बँक सीडिंग स्टेटस असा पर्याय आहे. बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की बंद, आणि शेवटची नोंद कधी बदलली ती तारीख दिसते. बंद दिसत असेल किंवा भलतीच बँक असेल, तर आपल्या बँकेच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या. काही बँकांचं एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही होतं. सीडिंग बंद असताना पैसे सुटले तर ते परत जातात, मग पुन्हा पाठवायला विभागाच्या मागे लागावं लागतं. म्हणून हे अर्ज मंजूर व्हायच्या आधीच उरकायचं.

आणि दहावी-बारावीत असताना काढलेलं खातं असेल तर बघा ते कुठल्या प्रकारचं आहे. पूर्ण केवायसी नसलेल्या "लहान" खात्यात एका वेळी ५० हजारांच्या वर शिल्लक चालत नाही आणि वर्षात एक लाखाच्या वर जमा होत नाही. फीची रक्कम अशा खात्यात घेताना अडचण येऊ शकते. आता तुम्ही १८ पूर्ण आहात, शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून टाका.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून आलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीमधल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. यात फक्त नव्याने प्रवेश घेणाऱ्या नाहीत, आधीपासून शिकत असलेल्या मुलीही येतात. पण "मुलींना फी माफ" या बातमीचा परिणाम असा झालाय की कित्येकींना वाटतं आता फॉर्म भरायची गरजच नाही. आहे. दरवर्षी आहे. माफी ही योजनेतूनच होते, ती आपोआप लागत नाही. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही, हेही लक्षात असू द्या.

कॉलेजने फीसाठी तगादा लावला तर? अर्जाची पोचपावती दाखवा, स्टेटसचा स्क्रीनशॉट दाखवा, लेखी अर्ज द्या की शिष्यवृत्ती प्रलंबित आहे. आणि तुमची मूळ मार्कशीट, टीसी कुणी फीसाठी अडकवून ठेवत असेल, तर यूजीसीने २०१८ मध्येच अधिसूचना काढून मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला मनाई केलेली आहे. हे आवाज न चढवता सांगायचं. शक्यतो एकट्याने जाऊ नका, चार-पाच जण एकत्र जा, कारण अडकलेले तुम्ही एकटेच नसता.

मी चुकलो त्या वर्षी मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली, माहितीये? विचारायची. स्कॉलरशिप सेक्शनच्या खिडकीवर उभं राहिलं की सगळ्यांना कळतं तुमच्या घरी काय परिस्थिती आहे, असं मला तेव्हा वाटायचं. म्हणून मी दुपारी गर्दी नसताना जायचो, आणि नेमकी तेव्हा खिडकी बंद असायची. तिसऱ्या वर्षी मी सरळ सकाळी साडेदहाला, सगळ्यांसमोर, रांगेत पहिला उभा राहिलो. तिसरं आणि चौथं वर्ष ईबीसी मिळाली.

माझी मावसबहीण या वर्षी दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी दर रविवारी मेसेज टाकतो, फक्त एक शब्द, "स्टेटस?" आधी चिडायची. गेल्या महिन्यात तिचा अर्ज परत आला, मार्कशीटचा फोटो धूसर होता म्हणून. तिने त्याच रात्री झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नीट स्कॅन केली, परत सबमिट केला, सोमवारी क्लार्कना जाऊन आयडी दाखवला. काल रेकॉर्डिंगला बसायच्या आधी तिचा मेसेज आला. "प्रिन्सिपलकडून पुढे गेला. आता डेस्कला आहे. आणि दादा, बँक सीडिंग पण बघितलं, गावचीच बँक आहे."